मांडणीचा शनिवार

सल्लागारबाई येणार म्हणून माल्कम डॉड्सने सकाळीच दाढी केली, ठेवणीतला निळा शर्ट घातला आणि ऑक्सिजनचं यंत्र जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे ढकलून त्यावर जुना कोट टाकला. एवढ्यानेच त्याला इतका दम लागला, की तो तिथेच पायरीवर बसून राहिला. लिंझी आली तेव्हा बाप तसाच बसलेला होता. हात गुडघ्यांवर, ओठ निळसर.

"डॅड, यंत्र कुठंय?"

"विश्रांती घेतंय."

"विश्रांती तू घ्यायचीस. ते काढ बाहेर."

"हे बघ पोरी, बाई माझ्या पैशांचं बघायला येतायत, नाकाचं नाही. चहा टाक. आणि पिल्लाला इकडे दे."

लिंझीने फिनला त्याच्या मांडीवर दिलं, पण हात लगेच काढला नाही. दीड वर्षाचं धष्टपुष्ट पोर, त्याचं ओझं बापाला झेपतंय का ते बघून मगच ती स्वयंपाकघरात गेली. तिथूनही तिचा कान मागेच होता. गेलं वर्षभर तिचं हेच चाललं होतं. घरी असली की फिनचा श्वास ऐकायचा, इथे आली की बापाचा. फिनच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची, कारण त्यांच्या भाड्याच्या घरात भिंतींना ओल होती आणि पाळण्यामागे कितीही पुसलं तरी आठवड्याभरात काळं चढायचं. बापाची गोष्ट वेगळी होती. त्याच्या फुफ्फुसांवर व्रण धरत चालले होते, ती आतून चामड्यासारखी घट्ट होत होती. न्यूकॅसलच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे मागे फिरत नाही. तीन वर्षं म्हणा, पाच म्हणा, काही जण जास्तही काढतात, पण भरवसा देता येणार नाही.

माल्कमने हे थॉर्नमथ गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. क्लबातल्या दोस्तांना त्याने सांगितलं, की छातीत जरा कफ आहे. केबलच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली होती. तिथून त्याने मागच्या हिवाळ्यात राजीनामा दिला तो, आता पूर्णवेळ लीक लावणार, असं सांगून. लोकांनाही ते पटलं. थॉर्नमथमध्ये लीकसाठी नोकरी सोडणारा माणूस वेडा समजला जात नाही. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ म्हणता येईल, पण इथल्या मळ्यांत पोसलेला लीक बघितला तर भाऊ कसला, पहिलवान काका वाटेल. मनगटापेक्षा जाड, दुधासारखा पांढरा. सप्टेंबरात क्लबात त्यांची चढाओढ लागते आणि त्यासाठी माणसं वर्षभर वाफ्यांशेजारी खुर्ची टाकून बसतात.

मिस बेनब्रिज वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, बूट दाराबाहेर पुसून आत येणाऱ्या. त्यांनी आधी सगळं सोप्या भाषेत मांडलं. माल्कमचं पेन्शन शेवटच्या पगारावर बेतलेलं. आता तो साठचा. पासष्टाव्या वर्षापासून दरमहा ठरलेली रक्कम, मरेपर्यंत. बाजार पडो की चढो, त्याला धक्का नाही. पण तो हक्क आत्ता सोडून दिला, तर पेन्शनवाले तीन लाख दहा हजार पौंड एकरकमी त्याच्या नावच्या दुसऱ्या खात्यात वळवायला तयार होते. ते पैसे कसे गुंतवायचे, किती काढायचे, मागे कुणाला ठेवायचे, हे सगळं त्याच्या हातात. पुरले नाहीत तर तेही त्याच्याच डोक्यावर. एवढ्या मोठ्या रकमेला कायद्याने सल्लागाराचं मत घ्यावंच लागतं, म्हणून त्या आल्या होत्या.

"आणि पासष्टच्या आधीच मी गचकलो तर?" माल्कमने असं विचारलं, जणू शेजारच्या गावातल्या कुणाची चौकशी करतोय.

"मिसेस डॉड्स?"

"सात वर्षं झाली तिला जाऊन."

"माफ करा. मग पत्नी नसल्यामुळे, तुम्ही स्वतः जी वर्गणी भरलीत तेवढी परत मिळेल. ती काही फार नाही. सज्ञान मुलीला पेन्शन मिळत नाही."

माल्कमने लिंझीकडे बघितलंच नाही. त्यामुळेच लिंझीच्या लक्षात आलं, की हा प्रश्न त्याने तिच्यासाठी विचारला होता.

"आता तब्येतीचं," मिस बेनब्रिज म्हणाल्या. "कशी असते?"

"वाईट नाही."

"दम वगैरे?"

"या वयात धावायला कोण जातंय?"

"औषधं?"

"एखाददुसरी गोळी. सगळेच घेतात."

लिंझी कपातल्या चहाकडे बघत राहिली. तिने तोंड उघडायला हवं होतं. पण ती याच गावात वाढली होती. 'वाईट नाही' या दोन शब्दांत थॉर्नमथची माणसं लग्नापासून मयतापर्यंत सगळं बसवतात. तिची आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिनेही दूधवाल्याला हेच सांगितलं होतं. दुसऱ्याच्या 'वाईट नाही'ला चारचौघांत खोटं पाडणं म्हणजे त्याचे कपडे उतरवण्यासारखं होतं. पण जिन्याखालच्या कपाटात दडवलेलं यंत्र नजर न वळवताही तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. फिन जमिनीवर बसून बाईंच्या बुटाची नाडी ओढत होता. बापाचा प्रत्येक श्वास वरच्या वर सुटत होता आणि बाई मान हलवत होत्या.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. माल्कम मळ्यात होता, लिंझी त्याला जेवण द्यायला गेली होती. त्याने फोन कानापासून लांब धरला, म्हणून तिलाही सगळं ऐकू आलं. साठीचा निरोगी माणूस पंच्याऐंशीपर्यंत सहज जातो, बाई म्हणाल्या. इतकी वर्षं पुरेल असं ठरलेलं, वाढतं पेन्शन सोडून बाजाराचा धोका पत्करणं त्याच्या हिताचं नाही. पेन्शन आहे तिथेच ठेवावं, असं त्यांचं मत होतं.

"पंच्याऐंशी," फोन ठेवून माल्कम म्हणाला. "ऐकलंस? मला पंच्याऐंशी दिलीत." तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत फावड्याला धरून उभा राहिला. "बयेला काही कळत नाही. दुसरा सल्लागार बघायला हवा."

"तिला कसं कळेल, डॅड? तू तिला काय सांगितलंस?"

"तिचं तिला दिसायला नको?"

"दिसू नये म्हणून तर दाढी केलीस!"

माल्कम उलट्या बादलीवर बसला. समोर लीकचे दोन वाफे होते. काळी, पोसलेली माती आणि तिच्यात गळपट्टे घातल्यासारखे, पुठ्ठ्याच्या नळ्यांत उभे लीक. लिंझीने ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर पिशवीतून आणला होता. तिने नळी त्याच्या पुढे केली. त्याने आधी कुंपणापलीकडे बघितलं. शेजारचा तुकडा कसणारा स्टॅन रटर दिसत नव्हता. तेव्हा त्याने नळी नाकाला लावली.

"तुला काय वाटतं," तो म्हणाला, "मी पासष्टचा होईन?"

इतक्या दिवसांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. लिंझी डबा उघडू लागली.

"म्हणजे तुलाही नाही वाटत. मग चौतीस वर्षं भरलेलं त्यांच्या घशात घालू? मी मातीत आणि पैसे त्यांच्या तिजोरीत? अजिबात नाही. मी ते काढणार. तुझ्या त्या घराच्या भिंती बघितल्यात मी. पोरगं चहाच्या किटलीसारखं वाजतं. त्या पैशांत घर होईल. कोरडं. समुद्राकडच्या ओळीत."

लिंझीचा हात डब्यावरच थांबला. समुद्राकडची ओळ! फिनची गाडी ढकलत ती रोज तिथूनच जायची. एका घराबाहेर विक्रीची पाटी लागली होती, आणि लाज वाटत असूनही त्या घराच्या खिडक्यांना तिने मनातल्या मनात पडदे लावले होते. मागच्या खोलीत फिनचा पलंगसुद्धा ठेवला होता. बापाने तिचं मन वाचलं की काय, असं तिला वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला.

"मला नको ते घर."

"नको काय? वेडी आहेस का?"

"हा सौदा फायद्याचा कधी होतो, डॅड? तू लवकर गेलास तर. तू जगलास तर पैसे संपत जाणार, आणि तू प्रत्येक पौंड खर्च करताना माझ्याकडे बघणार, की पोरीचं घर खातोय मी. हिवाळ्यात हीटर लावणार नाहीस. ओळखते मी तुला. आणि मी? मी तुझा खोकला ऐकत काय हिशेब करत बसू? तुझ्या मरणावर मी पैज लावणार नाही. तूही लावायची नाहीस."

"पैसे माझे आहेत."

"असू देत! काढ हवे तर. पण खरं बोलून काढ. तुला पैसे हवेत आजारी माणसाचे आणि तोंड दाखवायचंय ठणठणीत माणसाचं. दोन्ही कसं जमेल?"

"आवाज हळू. स्टॅन येईल."

"येऊ दे स्टॅन! सगळं गाव येऊ दे!" आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं. "तू बिली हिस्लॉप झालायस, डॅड."

माल्कमचा चेहरा उतरला. बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून काहीच कळलं नसतं. थॉर्नमथमध्ये मात्र याहून मोठी शिवी नव्हती.

तिथली रीत अशी, की वर्षभर लीकबद्दल हवं तेवढं खोटं बोला. कुणी विचारलं, यंदा कसे आहेत, की म्हणायचं, काही खास नाही, गोगलगायींनी खाल्ले, मुळाशी सडलेत. समोरचाही तेच म्हणतो. कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही आणि कुणाला राग येत नाही. पण सप्टेंबरातल्या मांडणीच्या शनिवारी सगळं थांबतं. लीक मुळासकट स्वच्छ धुवायचा आणि उघडा टेबलावर ठेवायचा. परीक्षक त्याच्यावरून बोटं फिरवतो, घेर मोजतो. भेग असली तर असली. लीक बाद होतो, माणसाची अब्रू जात नाही. बिली हिस्लॉपने एका वर्षी भेगेत मेणबत्तीचं मेण भरलं आणि ते परीक्षकाच्या नखाला लागलं. तेव्हापासून बिली मरेपर्यंत क्लबात त्याला कुणी बिअर पाजली नाही, आणि त्याच्या टेबलाशी बसायचं नाही हे पहिल्यांदा ठरवणारा माणूस होता माल्कम डॉड्स.

"मेण," माल्कम पुटपुटला.

"मेणच. निळा शर्ट आणि दाढी."

त्याने डब्याला हात लावला नाही. लिंझी फिनला घेऊन निघाली तेव्हा तो वाफ्याकडे बघत होता. नळी नाकाला तशीच होती, आणि कुंपणापलीकडून स्टॅनची शीळ ऐकू आली तरी त्याने ती काढली नाही. पण तेवढ्यात स्टॅन दुसरीकडेच वळला, त्यामुळे त्यातून काय समजायचं ते लिंझीला कळेना.

मग चार दिवस त्याने फोन उचलला नाही. लिंझी रोज जाऊन खिडकीतून बघायची. तो आत दिसायचा, तिला हात करायचा, पण दार उघडायचा नाही. आपण फार बोललो, असं तिला सकाळी वाटायचं. संध्याकाळी भिंत पुसताना वाटायचं, की कमीच बोललो. नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर तीन आठवड्यांच्या पाळीला गेलेला. तो फोनवर म्हणाला, "तुझे वडील आहेत, ठरवू दे त्यांना." हे म्हणायला सोपं होतं. त्याने तो खोकला ऐकला नव्हता.

मांडणीच्या शनिवारी सकाळी माल्कमनेच फोन केला. "ये. मला तीन लीक उचलवत नाहीत."

ती गेली तेव्हा लीक धुऊन तयार होते. ओल्या टॉवेलात तीन बाळं निजवावीत तसे ट्रेमध्ये ठेवलेले, मुळं पांढऱ्या दाढीसारखी विंचरलेली. आणि माल्कम दारात उभा होता. अंगात रोजचा स्वेटर, दाढीचे खुंट वाढलेले, खांद्याला सिलिंडरची पिशवी, नाकाला नळी.

"अशी बघू नकोस," तो म्हणाला. "ट्रे सरळ धर. पात मोडली तर तुला वारसा हक्कातून बाद करीन."

"कसला वारसा?"

"तेच म्हणतो."

क्लबाचा हॉल गजबजलेला होता. ओल्या मातीचा आणि बिअरचा मिसळलेला वास. लांबच लांब टेबलांवर काळं कापड अंथरलेलं. माल्कम आत शिरला आणि दाराजवळच्या माणसांचा आवाज बसला. मग त्यांच्या पुढच्यांचा. लिंझीला आपल्याच बुटांचा आवाज ऐकू यायला लागला. बाप मध्ये एकदा थांबला, खुर्चीच्या पाठीला हात टेकून त्याने श्वास जमवला, आणि सगळ्यांनी तो जमवताना बघितला. त्याने बघू दिलं. मग टेबलाशी जाऊन त्याने एकेक लीक टॉवेलातून काढून कापडावर ठेवला.

स्टॅन रटर समोरच उभा होता. साठीचा, खांद्याने रुंद, माल्कमचा शाळेपासूनचा दोस्त आणि गेली वीसेक वर्षं टेबलावरचा वैरी.

"नाकात काय घातलंस रे?" स्टॅन म्हणाला.

"ठिबक."

मग कुणीतरी फसकन हसलं, आणि पाठोपाठ अख्खा हॉल. स्टॅन हसला नाही. तो टेबलाला वळसा घालून जवळ आला.

"कधीपासून?"

"मागच्या ऑक्टोबरपासून. फुफ्फुसं गेलीत, स्टॅन. परत येत नाहीत."

"आणि मला सांगितलंस कफ आहे!"

"तूही मला सांगितलंस, की तुझे लीक किडलेत. ते काय तिकडे पडलेत? डुकरांसारखे माजलेत मेले."

"लीकचं वेगळं असतं."

"हो," माल्कम म्हणाला. "तेच माझी पोरगी म्हणत होती."

स्टॅनने नाक ओढलं, लिंझीकडे एक नजर टाकली आणि कुणीही न सांगता माल्कमसाठी खुर्ची आणायला गेला.

दुपारी निकाल लागला. स्टॅन पहिला, माल्कम दुसरा, फरक अगदी नखाएवढा. टाळ्या वाजल्या. स्टॅन चषक उंच धरून मुद्दाम माल्कमच्या खुर्चीपुढून दोनदा गेला.

"दया दाखवावी वाटली नाही एवढीशी?" माल्कम ओरडला.

"नाकात ठिबक लावणाऱ्याला कसली दया? ये पुढच्या वर्षी!"

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या! तेव्हा तुला रडवतो का नाही बघ!"

सोमवारी मिस बेनब्रिज पुन्हा आल्या. यंत्र या वेळी खोलीच्या मधोमध घरघरत होतं आणि फिन त्याच्या झाकणावर थापट्या मारत होता. माल्कमने सगळं सांगितलं. आजाराचं नाव, डॉक्टरीणबाईंचे शब्द, तीन वर्षं, पाच वर्षं, जिना चढताना किती वेळा थांबावं लागतं ते. एकही शब्द त्याने गिळला नाही, आणि लिंझीने ते पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ऐकलं. ऐकताना तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. तिला उलट हायसं वाटलं.

मिस बेनब्रिजनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर डॉड्स, हे तुम्ही मला ऑगस्टमध्ये का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कशी आहे. मी म्हटलं, वाईट नाही."

"हे वाईट नाही?"

"आमच्याकडे याहून वाईट असलं की माणूस फोन उचलत नाही."

बाईंना हसावं की रागवावं कळेना. मग त्या कामाला लागल्या. पैसे वळवले, तर ते मागे लिंझीला ठेवता येतील, हे खरं. पण आजार माहीत असताना वळवले आणि दोन वर्षांच्या आत माणूस गेला, तर करखातं हात पुढे करू शकतं. आणि तो जगला, तर पैसे पुरवायची काळजी त्याचीच. तिसरी वाट मात्र त्यांनी आधी सांगितलीच नव्हती, कारण निरोगी माणसाला ती लागू नव्हती. आजारामुळे ज्याला काम करणं अशक्य झालंय, त्याला हेच पेन्शन पासष्टची वाट न बघता आत्तापासून मिळू शकतं, आणि या पेन्शनच्या नियमांत त्यासाठी कपात नाही.

"त्यांचा डॉक्टर तपासेल मात्र," त्या म्हणाल्या.

"तपासू दे. दाढी करणार नाही मी."

"आणि पहिल्या पाच वर्षांची हमी असते. त्याच्या आत काही झालं, तर उरलेल्या महिन्यांची रक्कम तुमच्या मुलीला."

"आणि पाच वर्षांत काहीच झालं नाही तर?"

"मग देत राहतील. तुम्ही असेपर्यंत. दरवर्षी थोडं वाढवून."

माल्कम पुढे वाकला. लिंझी त्याला ओळखत होती. स्टॅनच्या वाफ्यात डोकावताना त्याचे डोळे असेच व्हायचे.

"म्हणजे मी जितका टिकेन, तितका त्यांना महाग पडेन."

"तसं... म्हणता येईल."

"महिन्याच्या महिन्याला? न चुकता?"

"न चुकता."

"मग झालं तर. मी काही वळवत नाही. त्यांनीच द्यायचे मला, माझ्या हातात, आणि देऊन देऊन त्यांना कंटाळा आला पाहिजे. पंच्याऐंशी म्हणालात ना तुम्ही? मी ते विसरलेलो नाही."

समुद्राकडच्या ओळीतलं घर लिंझीच्या डोळ्यांपुढून गेलं. पडदे, पलंग, कोरड्या भिंती. हे आपणच मागितलं होतं, हे तिला माहीत होतं. तरी चेहरा दिसू नये म्हणून ती फिनला उचलायला खाली वाकली.

"आणि तू," बाप म्हणाला. पाठ वळवली तरी त्याला कळलं होतं. "पहिले पैसे आले की ओल नसलेलं घर भाड्याने बघायचं. वरचा फरक मी देणार."

"डॅड, नको. ते तुझे..."

"जिवंतपणी देतोय. मुकाट्याने घे. मेल्यावर दिलेलं तुला चालत नाही, जगताना दिलेलंही चालत नाही, मग माणसाने द्यायचं तरी कधी?"

मिस बेनब्रिजनी डोकं खाली घालून लिहायला घेतलं, पण त्या हसताना लिंझीला दिसल्या.

त्या गेल्यावर माल्कमला मळ्यात जायचं होतं. लिंझीने सिलिंडर घेतला, फिनला बाबागाडीत बसवलं. क्लबातून आणलेले तिन्ही लीक शेडमध्ये होते. रीतीप्रमाणे मांडणीतले लीक मग क्लबाच्या मोठ्या पातेल्यात जातात, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचं सूप मिळतं. स्टॅन न्यायला आलाच होता, फाटकाशी गाडी चालू ठेवून.

माल्कमने दोन दिले. तिसरा, सगळ्यांत जाड, त्याने काखेत धरला.

"तोही दे," स्टॅन म्हणाला. "म्हाताऱ्यांना पोटभर होऊ दे."

"हा सूपात जाणार नाही. हा पुन्हा लावायचाय."

स्टॅनने गाडी बंद केली. असा लीक पुन्हा मातीत रोवला, तर तो पुढच्या उन्हाळ्यात फुलावर येतो. त्या फुलाच्या बोंडावर गवतासारखी रोपं फुटतात, ती काढून वाढवायची, आणि मग कुठे त्याच्या पुढच्या सप्टेंबरात त्याची पिलावळ टेबलावर जाते. स्टॅनला हे सांगायची गरज नव्हती. तो माल्कमकडे बघत राहिला, मग त्याच्या नळीकडे.

"दोन वर्षं लागतात त्याला," स्टॅन हळूच म्हणाला.

"मला मोजता येतं."

"मी ओढून देऊ का कुंडी?"

"माझ्या लीकला हात लावलास तर बोटं तोडीन. लिंझी, कुंडी."

लिंझीने कुंडी ओढली, माती भरली. मध्ये खड्डा कर, एवढा खोल नको, मुळं दुमडू नकोस, अगं हळू, लादी बसवतेस का? बादलीवर बसल्या बसल्या त्याच्या सूचना चालू होत्या, दोन शब्द आणि एक श्वास, दोन शब्द आणि एक श्वास. लिंझीची बोटं गार पडली. तिने पात वर धरून मुळांवर माती सारली आणि मागे सरून बघितलं. लीक जरा कलला होता.

"वाकडा लावलास," बाप म्हणाला.

"पुढच्या वेळी तूच लाव."

"लावीनच. आत्ता सरळ कर."

तिने सरळ केला. त्याने डोळा बारीक करून बघितलं, मान हलवली, आणि अजून थोडा डावीकडे म्हणाला.